मायच्या पाच मुठी

गेल्या महिन्यात आमच्या जळगावच्या मंडळीच्या पाळकांनी मला स्त्रियांच्या सभेत बोलायला सांगितलं. विषय त्यांनीच ठरवला होता: आपल्या मुलांना विश्वास कसा द्यावा. मी मिशनच्या शिक्षकाची मुलगी, लग्नाआधी स्वतः चार वर्षं शाळेत शिकवलेली, आता तीन मुलांची आई. तेव्हा मला हे येतच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी आढेवेढे घेते आहे, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच फटकन. घरी आल्यावर मला वाईट वाटलं. भल्या माणसाला खरं कारण सांगायला काय हरकत होती? मुलांना द्यायचं काय, हाच प्रश्न आमच्या घरात एकदा विचारला गेला होता. विचारणारी बाई निरक्षर होती, आणि तिला जे उत्तर मिळालं ते चुकीचं होतं. हे सभेत दहा मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सांगते.

आम्ही धरणगावला राहत होतो. बाबा तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवत. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांच्या मागे दोन खोल्यांचं घर होतं, आणि हंगामात कापसाची लव दारातून आत येऊन भाकरीवरसुद्धा बसायची. बाबांचं मूळ गाव तीन कोसांवर. घरची शेती होती, आणि थोरला भाऊ ती करत होता. बाबा शाळेसाठी धरणगावात आले, शिकता शिकता प्रभूकडे वळले आणि एकोणिसाव्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून भाऊबंदांनी त्यांचं नाव टाकलं. बाबांचं लग्न आधीच झालेलं होतं. माय तेव्हा सासरी नांदत होती. तिच्या माहेरच्यांनी तिला घेऊन जायची तयारी केली, तर ती गाठोडं बांधून उलट दिशेने चालत धरणगावला आली. दोन वर्षांनी तिनेही बाप्तिस्मा घेतला. त्याबद्दल तिला कुणी विचारलं की ती म्हणायची, ते जिथे तिथे मी. बाबांना हे उत्तर आवडत नसे. विश्वास ज्याचा त्याने समजून धरावा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि शिक्षक असल्यामुळे समजणं म्हणजे पाठ होणं, असाही त्यांचा समज होता.

संध्याकाळी जेवायच्या आधी प्रार्थना व्हायची आणि मग प्रत्येक मुलाने शास्त्रातलं एक नवं वचन म्हणायचं. म्हटलं की ताट. नाही आलं तर येईपर्यंत थांबायचं. बाबा कधी ओरडले नाहीत, हात तर त्यांनी कधीच उगारला नाही. शांतपणे समोर बसून राहत. माझी जीभ चुरूचुरू चालायची, मी कधी अडले नाही. धाकटा लहान होता, त्याला दोन शब्द पुरत. अडायचा तो दादा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अंगाने भरलेला, झाडावर चढण्यात आणि बैल हाकण्यात पटाईत, पण वचन म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप. मी त्याला शेजारून कुजबुजून सांगायची. बाबांनी पाहिलं की मी गप्प बसायची, आणि खरं सांगायचं तर तो अडल्याचा मला आतून आनंदही व्हायचा. त्याची भाकरी बहुतेक रोज गार झालेली असे.

माय या सगळ्यात नसायची. ती चुलीपाशी असे. तिला वाचता येत नव्हतं, बाबांची पुस्तकी मराठी तिच्या तोंडी बसत नव्हती, आणि ती अहिराणीखेरीज काही बोलत नसे. तिचं देवाशी जे काही होतं ते एका मडक्यात होतं. मिशनच्या मडमबाईंनी एकदा बायकांना सांगितलं होतं की दळायच्या आधी एक मूठ धान्य देवासाठी बाजूला काढत जा, रविवारी ते मंडळीत आणा, गरिबांना उपयोगी पडेल. सगळ्या बायका एक एक मूठ काढत. माय मात्र पाच काढायची. सकाळी जात्यावर बसण्याआधी सूप पुढ्यात घ्यायची, एक मूठ भरायची, बाबांचं नाव घ्यायची आणि मडक्यात टाकायची. मग दादाची, मग माझी, मग धाकट्याची, शेवटची तिची स्वतःची. प्रत्येक मुठीवर ती क्षणभर थांबायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायची. दादाच्या मुठीवर कधी कधी बराच वेळ जायचा.

मी अंथरुणात पडल्या पडल्या हे पाहत असे. मला त्यातलं एकच कळायचं, की माझीही मूठ आहे. याची मला भारी ऐट होती. शेजारच्या मैत्रिणींच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसायची. तेव्हा रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाची मूठ काढत, पोरींच्या नावाने काढत नसत. मी त्यांना तोंड वर करून सांगायची की आमच्याकडे माझी रोज निघते. मायने ही रीत कुठून आणली हे त्या वयात माझ्या डोक्यात आलं नाही. माय सासरी दोन श्रावण सासूच्या हाताखाली रोटाचे गहू मोजत होती. मडमबाईंनी मूठ म्हटल्यावर तिला एकच मूठ ठाऊक होती, ती माणसाच्या नावाची. फक्त इथे लेकी आणि लेक सारखे आहेत, एवढं तिने बाईंच्या तोंडून पक्कं ऐकलं होतं, म्हणून तिने मला घातलं आणि मग धीर करून स्वतःलाही घातलं.

आमचं मडकं अर्थातच सगळ्यांत भरलेलं असायचं. भाकऱ्या जरा पातळ व्हायच्या, पण त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही. धुळ्याहून पाद्रीसाहेब वर्षातून दोनदा येत. अशाच एका रविवारी त्यांनी मास्तरांच्या घरचं मडकं सगळ्यांना दाखवलं, असा विश्वास सर्वांनी शिकावा म्हणाले, आणि मायला उठून दोन शब्द सांगायला बोलावलं. बाबा पुढच्या ओळीत ताठ बसले होते. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. माय डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिली. मला वाटलं होतं ती घाबरेल, पण ती घाबरली नाही. तिला जे माहीत होतं तेच तिला विचारलं होतं.

"घरमा पाच जीव शेत," ती म्हणाली. "पाच जीवनी पाच मुठी. कानबाईनी काढतंस ना, तशीच."

मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांची मराठी चांगली होती, पण कानबाई त्यांना माहीत नव्हती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कुणी सांगेना. शेवटी बाबांनाच उभं राहून समजावून सांगावं लागलं, की खानदेशात अशी अशी देवी बसवतात, घराण्याचा रोट असतो आणि त्यासाठी नावाने धान्य मोजतात. त्यांचे कान लालबुंद झाले होते. साहेब माणूस म्हणून चांगले. बाईंचा हेतू शुद्ध आहे, मास्तर घरी नीट समजावतील, इतकंच म्हणून त्यांनी गीत सुरू करायला सांगितलं. माय खाली बसली. आपण काय चुकलो हे तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं होतं, आणि ती उपासनाभर आपल्या हातांकडे पाहत होती.

घरी आल्यावर बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं, कारण राग उतरतो. त्यांनी मायला समोर बसवलं आणि वर्गात समजावतात तसं समजावलं. देव माणसं मोजून धान्य घेत नाही. नाव घेऊन मूठ टाकली की देव त्या माणसाला सांभाळतो, ही समजूत आपण मागे टाकून आलो. यापुढे मूठ एकच, आणि तीही काही न बोलता. मुलांसमोर ही रीत राहिली तर त्यांना दोन देवांमधला फरक कधी कळणार नाही. मायने सगळं ऐकून घेतलं. मग तिने तो प्रश्न विचारला.

"तुम्हना जोडे पुस्तक शे," ती म्हणाली. "मन्हा जोडे हाईच व्हतं. मंग मी पोरेस्ले काय देऊ?"

बाबांनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही. ते म्हणाले, मी तुला वचनं शिकवतो, ती पाठ कर आणि मुलांना दे.

महिनाभर तो प्रयोग चालला. भांडी आटोपली की माय बाबांसमोर येऊन बसायची. बाबा एक ओळ म्हणत, माय ती मागून म्हणायची, आणि दुसऱ्या ओळीला येईतो पहिली पुसली गेलेली असायची. दिवसभर राबलेली बाई, ती बसल्या जागी डुलक्या घ्यायची. मला हसू यायचं. मी तर एकदा बाबांसारखा आवाज काढून तिला ओळ सांगितली, आणि ती बिचारी खरंच माझ्यामागून म्हणू लागली. हे आठवलं की आजही मला माझी लाज वाटते. शेवटी बाबांनीच तो नाद सोडला. मायने मात्र सांगितलेलं तंतोतंत पाळलं. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवसापासून एक मूठ, तोंड मिटलेलं, आणि लगेच जात्याची घरघर. मी बाबांची लाडकी, म्हणून सुरुवातीला मुद्दाम डोळे किलकिले करून पहारा ठेवला होता. ती चुकली नाही. बाबांनी मला याबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अशी चार वर्षं गेली. दादा कसाबसा सातवीपर्यंत शिकला. त्याने आपल्यासारखं शिक्षक व्हावं असं बाबांना वाटे, म्हणून त्यांनी त्याला धुळ्याला मिशनच्या अध्यापन वर्गात घातलं. तिथून पत्र येई, दर पत्रात तब्येत बरी आहे एवढंच असे. श्रावणात पत्र आलं नाही. पंधरा दिवसांनी वर्गाच्या गुरुजींचं आलं, की मुलगा न सांगता निघून गेला आहे. आणि त्याच आठवड्यात बाजाराला आलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने शाळेत येऊन बाबांना सांगितलं की तुमचा पोरगा गावी आहे, थोरल्या भावाकडे, आणि कानबाईच्या रविवारी तो घरच्या सगळ्यांबरोबर रोटाला बसला होता.

रोट म्हणजे काय हे बाबांना समजावून सांगायची गरज नव्हती. तो शेजाऱ्याला देत नाहीत, पाहुण्याला देत नाहीत, लग्न करून गेलेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत. ज्याने तो खाल्ला तो घराण्याचा. बाबा त्या दिवशी शाळेतून लवकर आले. मायला त्यांनी बातमी दोन वाक्यांत सांगितली. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गावी जायला निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. बहीण समोर असली की दादाला नाही म्हणता येणार नाही, असं बहुधा त्यांच्या मनात असावं.

तीन कोस आम्ही चिखलातून चालत गेलो. मी त्या घरी पहिल्यांदाच जात होते. आबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ओट्यावर दोर वळत बसले होते. आमच्या घरी माय त्यांचा उल्लेख आबा असा करायची. बाबा कधीच करत नसत, ते 'गावाकडचे' एवढंच म्हणत. आबांनी आम्हाला पाहून दोर बाजूला ठेवला, सुनेसारख्या लाजऱ्या एका मुलीला हाक मारून पाणी आणवलं, आणि घोंगडी टाकून दिली. त्यांना तिन्ही मुलीच होत्या. बाबा घोंगडीच्या कडेला बसले. अठरा वर्षांनी भेटलेले भाऊ, पण कुणी कुणाला हाक मारली नाही.

बाबांनी सरळ विचारलं की मुलाला का बोलावलंत. आबा म्हणाले, मी बोलावलं नाही, तो आपला आपण आला. तीन दिवस वावरात राबला, मग बोलला. बाबा म्हणाले, आणि तुम्ही त्याला रोटाला बसवलंत. आबांनी मान हलवली. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं.

"त्यानी मूठ व्हतीच ना," ते म्हणाले. "तू गया त्या सालपाईन आजलगून तुन्ही मूठ मी चुकाडी नही. पोर्‍या व्हयनात तशा त्यास्नी बी टाकी. तू गया. मूठ कोठे जाई?"

बाबांना हे माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत होते, मला ते दिसलं. भाऊबंदांनी टाकलेला माणूस, अशी त्यांनी स्वतःची जी गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितली होती, तिच्यात हे कुठे बसत नव्हतं. दर श्रावणात या घरात त्यांच्या नावाचे गहू निघत होते आणि दळले जात होते. मी मुलगी, माझ्या नावाचे निघत नव्हते, हेही माझ्या लगेच ध्यानात आलं, आणि तेवढ्यातही मला त्याचा राग आला.

दादा वावरातून आला. थोड्याच दिवसांत तो उन्हाने रापला होता आणि मला तो मोठा वाटला. बाबांनी त्याला परत चल म्हटलं. तो म्हणाला, मला शिकवता येत नाही बाबा, माझ्या तोंडून शब्दच निघत नाहीत, वर्गातली पोरं हसतात. इथे मला काही म्हणून दाखवावं लागत नाही. बाबांनी विचारलं, रोट खाल्लास? तो म्हणाला, खाल्ला. मग तो माझ्याकडे वळला आणि माय कशी आहे म्हणून विचारलं. मी बरी आहे म्हणाले. आबांनी जेवून जा म्हटलं. बाबा थांबले नाहीत.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. दादा परत आला नाही. आबांच्या मागे ती शेती त्यानेच केली, त्याचं लग्न तिकडच्याच मुलीशी झालं. दर नाताळला तो केळीचा घड खांद्यावर घेऊन यायचा, दोन दिवस राहायचा आणि मायच्या हातच्या करंज्या खाऊन जायचा. आमचा प्रभू त्याचा होता की नव्हता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नव्हता असं मला वाटतं.

त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वाटेत बाबांनी एकही वचन म्हटलं नव्हतं. एरवी चालताना ते वचनं म्हणत आणि मला पुढचं म्हणायला लावत. पायावरचा चिखल धुऊन ते अंगणात बसले. मी मात्र आत गेल्या गेल्या मायला सगळं सांगितलं, आबा काय म्हणाले, दादा काय म्हणाला, कोण कुठे बसलं, सगळं. माझ्या पोटात काही राहत नाही. माय उद्याच्या दळणाची ज्वारी निवडत होती. ती ऐकत होती आणि तिचे हात चालू होते. आबांच्या मुठीचं सांगितलं तेव्हा हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

थोड्या वेळाने बाबा आत आले. ते स्वयंपाकाच्या खोलीत सहसा येत नसत. मायच्या समोर उकिडवे बसले. मडकं तिथेच कोपऱ्यात होतं. ते त्या मडक्याकडे पाहत म्हणाले, "त्याच्या नावाची टाकत असशील ना तू?"

मायने वर पाहिलं. तिला प्रश्न नीट कळला नसावा. मग कळला.

"तुम्ही नको म्हनं ना," ती म्हणाली. "मी टाकी नही."

"एकदाही नाही?"

"एकदाबी नही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नवऱ्याचं ऐकलं, एवढंच ती सांगत होती. बाबा अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं होतं, तू माझं ऐकणार नाहीस."

मी बाबांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता, नुसतं पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. चार वर्षं ते समोर बसून आमच्याकडून वचनं म्हणवून घेत होते, आणि त्यांचा सगळा भरवसा आत चुलीपाशी आपली आज्ञा मोडणाऱ्या एका बाईवर होता, आणि तिने ती मोडली नव्हती. मला त्यांची इतकी दया आली की मी धाकट्याला घेऊन बाहेर जायला निघाले. मायने मला हाताने खूण करून बसवलं. तिने सूप उचललं आणि बाबांच्या पुढ्यात सरकवलं.

"आते तुम्ही टाका," ती म्हणाली.

बाबांनी सुपात हात घातला. मूठ भरून मडक्यावर धरली, दादाचं नाव घेतलं आणि सोडली. मग माझी टाकली, मग धाकट्याची, मग मायची. स्वतःची टाकली नाही, ती मायने टाकली. झालं असं वाटून बाबा उठू लागले, तेव्हा तिने सूप पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं.

"एक आबास्नी," ती म्हणाली. "त्यास्नी आपली अठरा साल टाकी."

बाबा उठता उठता थांबले. पुन्हा खाली बसले. मूठ भरली, आणि ती मडक्यावर धरून किती तरी वेळ तसेच राहिले. मला वाटलं आता ते समजावून सांगायला लागतील. मग त्यांनी मूठ उघडली आणि म्हणाले, "आबा."